सालीची टोपी

"मी डबीत एकही गोळी जास्त भरली नाही," सिस्टर सियू लान म्हणाली आणि तिने आपली वही टेबलावर ठेवली.

मलेशियातल्या इपोह शहराच्या त्या रुग्णालयात बारा जण कर्करोगाची नवी गोळी घेत होते. एकाच आठवड्यात त्यातल्या तिघांच्या हृदयाचे ठोके बिघडले. रक्तात औषध दुप्पट निघालं. वर कळवलं सियू लाननेच, आणि संशय आला तोही तिच्यावरच. सोमवारी तिची चौकशी होती. बाराही जणांची गोळी बंद व्हायची होती.

औषधांचे दुष्परिणाम हुडकणं हा तेओह मॅडमचा पेशा; तपास त्यांच्याकडे आला होता. त्यांचा मदतनीस अझमान याने मात्र मनात निकाल लावून टाकला होता.

"गोळ्यांचा साठाच खराब असेल, नाहीतर ही बाई चुकली," तो गाडीत म्हणाला.

"साठा बाराही जणांचा एकच आहे रे."

तिघांपैकी कोह अंकल घरी परतले होते. त्यांच्या डबीतल्या उरलेल्या गोळ्या मॅडमनी मोजल्या. हिशेब चोख होता.

"काढा वगैरे, अंकल?"

"सिस्टर जीव घेईल माझा."

"ग्रेपफ्रूट?"

"गोळीच्या पत्रकात मनाई आहे ते फळ? जन्मात पाहिलं नाही."

"बाहेरचं काही खाल्लं?"

"छे. चंद्राच्या सणाला देवापुढे ठेवलेलं, तेवढंच."

अंकलची नात जाड हिरव्या सालीची टोपी घालून मिरवत होती. अझमानला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत.

सोमवारी चौकशी करणाऱ्या डॉक्टर ज्ञानराज यांच्यासमोर मॅडम उभ्या राहिल्या.

"गोळ्या बरोबर, तरी रक्तात दुप्पट. म्हणजे शरीर औषध मोडून बाहेर टाकत नव्हतं. ग्रेपफ्रूट नेमकं तेच काम अडवतं, पण इथे ते खातं कोण? त्याचा सख्खा भाऊ पपनस मात्र इपोहची शान. त्याचीच साल कोह अंकलच्या नातीच्या डोक्यावर होती. बाकी दोघांनाही विचारलं. तिघांनी सणानंतर आठवडाभर पपनस खाल्लं. उरलेल्या नऊ जणांनी नाही. देवाचं म्हणून कुणी ते खाण्यात धरलंच नाही. आणि सिस्टरच्या वहीत तिघांचे ठोके बिघडल्याच्या तारखा होत्या, म्हणून सण आठवला."

डॉक्टर सियू लानकडे वळले. "आळ तुमच्यावर येणार, हे ठाऊक होतं ना?"

"होतं, सर. पण गप्प बसले असते तर चौथा कोण असता?"

अझमानला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा अभिमानही.

दारात कोह अंकल ताटकळत होते. "माझी गोळी?"

"चालू," सियू लान म्हणाली. "पपनस बंद."

नव्या पत्रकावर पपनसाचं चित्र आलं. अंकल ते येईल त्याला दाखवतात. "आमच्या सिस्टरने पकडलं," म्हणतात.