तीन, शून्य, दोन

"कितवी शर्यत?"

मी मान वर केली. समोरच्या खुर्चीत एक मुलगा येऊन बसला होता. आमच्या शहरातल्या वान-चाय भागातल्या त्या चहाच्या हॉटेलात दुपारी एकटीला टेबल मिळत नाही. वेटर कुणालाही कुणाच्याही समोर आणून बसवतो, आणि एकमेकांकडे बघायचं नाही एवढी रीत सगळे पाळतात. हा बघत होता. निळा कामाचा शर्ट, केसांत धूळ, हातात लोणी घातलेला अननस-पाव.

"काय?" कानातला हेडफोन काढत मी विचारलं.

"मघापासून आकडे पुटपुटताय तुम्ही. तीन, शून्य, चार, दोन... घोडेच असणार. एकट्याच श्रीमंत होऊ नका, आम्हालाही सांगा की."

"शून्य नंबरचा घोडा कुठे पळतो?"

"म्हणून तर विचारतोय! मला कुणी सांगितलाच नाही आजवर."

मला हसू आलं. तिथेच माझं चुकलं म्हणायला हवं.

साल ब्याऐंशी. मी गाण्यांना शब्द घालायचे. चाल आधी तयार होते, कॅसेटवर कुणीतरी नुसतं 'ला ला ला' म्हणून पाठवतो, आणि आम्ही शब्द बसवतो. बसवतो म्हणजे अक्षरशः बसवतो. आमच्या चिनी भाषेत एकच अक्षर उंच म्हटलं तर एक अर्थ आणि खाली म्हटलं तर दुसरा. चाल वर चढते तिथे खालचं अक्षर घातलं, की गाणारा म्हणतो एक आणि लोकांना ऐकू येतं भलतंच. म्हणून आम्ही आधी सगळी चाल आकड्यांत म्हणून बघतो. तीन म्हणजे उंच, शून्य म्हणजे तळ, चार आणि दोन मधले, कारण ते आकडे आमच्या तोंडी त्याच उंचीवर येतात. मग त्या आकड्यांना जुळणारे शब्द शोधत बसायचं.

"म्हणजे मी 'साखर' उंच गायलो तर..."

"तर लोकांना 'सूप' ऐकू येईल."

त्याने लगेच वेटरकडे मान वळवली आणि चक्क गाऊन सांगितलं, "काका, एक कॉफी... दोन चमचे सूप घालून!"

"वेडा झालास काय रे? लोक जेवतायत इथे!" वेटर ओरडला.

पण अर्ध्या हॉटेलाने चॉपस्टिक खाली ठेवल्या होत्या. त्या चार शब्दांत जो आवाज लागला ना... उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा, कोरडा आणि उबदार. मी आजही तो कानांनी ओळखेन.

तो म्हणाला, "फान तिन-याव. एसी दुरुस्त करतो. शहरातले श्रीमंत माझ्या कृपेने गार झोपतात. माझ्या नावाचे आकडे सांगा बघू."

"शून्य, तीन, दोन."

"शून्यापासूनच सुरुवात! आई म्हणते तेच. आणि तुमचं नाव?"

"चोंग यू-चिंग."

"त्याचे आकडे?"

"माझं नाव कोण घालतंय गाण्यात? नाही मोजलं कधी."

हे खरं होतं. जगातले सगळे शब्द मोजले, तेवढंच राहिलं होतं.

*

मग आमचा खेळ सुरू झाला. एकाने शब्द मनात धरून नुसती चाल गुणगुणायची, दुसऱ्याने शब्द ओळखायचे. नियम मी केला, कारण नियम करायची खोड माझीच. एकाला एकच उत्तर. चुकलं तर चुकलं, पुन्हा विचारायचं नाही.

ट्रामच्या वरच्या मजल्यावर पावसाचे थेंब खिडकीतून आत यायचे, तो सरकून माझ्या बाजूला बसायचा आणि गुणगुणायचा.

"'छत्री विसरलो'," मी म्हणायचे.

"बरोबर."

"मुद्दाम विसरलास."

"त्याची चाल अजून लावली नाही."

एकदा त्याने चार सूर गुणगुणले आणि खिडकीबाहेर बघत राहिला. कान लाल झाले होते. मला लगेच कळलं होतं, तरी मी म्हटलं, "'भूक लागली फार'."

"चूक."

"मग काय?"

"पुन्हा विचारायचं नाही. नियम कुणाचा?"

त्याच्या बोटांनी माझी करंगळी धरली. उतरायचा थांबा जाऊन आणखी तीन थांबे मागे गेले तरी आम्ही बसून होतो. तेवढं सुख मला पुढे कधी मिळालं नाही. लाज वाटण्याचं वय गेलं, म्हणून सरळ सांगते.

पुढच्या वर्षी त्याने दूरदर्शनवरची गायनस्पर्धा जिंकली. कंपनीने करार केला, दात नीट करून घेतले, केस वाढवले. त्याची सगळी व्यवस्था मिस पून नावाच्या बाईंकडे आली. लहानखुऱ्या, गोड बोलणाऱ्या आणि लोखंडासारख्या. करारात पाच वर्षांची अट होती. प्रेयसी नाही, लग्न नाही, तसं कुणाला वाटूही द्यायचं नाही.

"असं बघ, चोंग," मिस पून मला केक कापून देत म्हणाल्या, "शाळेतल्या दहा हजार मुली रोज रात्री त्याच्याशी लग्न करून झोपतात. त्यांना आपण विधवा करायचं का?"

त्या दिवशी जिन्यात तिन-यावने माझा हात घट्ट धरला. "पाच वर्षं फक्त, यू-चिंग. करार संपला की सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन. अख्ख्या हॉलसमोर. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"पाच वर्षांनी विसरशील."

"तू आठवण ठेव. नियम तूच करतेस ना?"

मी आठवण ठेवली. आणि काय केलं मी पाच वर्षं? त्याची गाणी लिहिली. शब्द घालणारी बाई म्हणून स्टुडिओत पुढच्या दाराने जायचे, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. 'तुझ्या खिडकीतला दिवा' म्हणून तो गायचा आणि दहा हजार मुली आपापल्या खिडकीत दिवे लावायच्या. खिडकी माझी होती. त्या बिचाऱ्यांचा मला राग यायचा, आणि राग येतो याची शरमही वाटायची.

*

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये करार संपला. जून गेला. जुलै गेला. तो जपानात, तैवानात, तो कुठल्यातरी विमानात. ऑगस्टमध्ये बक्षीस समारंभ झाला. मी घरी आईबरोबर जेवता जेवता बघत होते. त्याने कंपनीचे आभार मानले, मिस पूनचे मानले, वादकांचे, केस कापणाऱ्याचे, ड्रायव्हरचे मानले. ड्रायव्हरचं नाव घेतलं हो! आणि शेवटी, "आणि आमच्या शब्दवाल्या बाई."

"तुझ्याबद्दल बोलला," आई म्हणाली. "मासा घे."

पुढच्याच आठवड्यात मासिकाच्या मुखपृष्ठावर तो एका नटीबरोबर आइस्क्रीम खात होता. ही मिस पूनची जुनी युक्ती, पाच वर्षांत मी सात नट्या पाहिल्या होत्या. पण तेव्हा करार होता. आता कशाला? मी त्याचे फोन घेणं बंद केलं. आई सांगायची, "बाहेर गेलीय." आईला खोटं बोलता येत नाही, ती मलाच विचारून सांगायची, आणि तेही त्याला ऐकू जायचं.

मग कंपनीच्या पाकिटातून कॅसेट आली. चाल खुद्द फान तिन-याव यांची, पहिलीच. चिठ्ठी नाही. शब्द तीन दिवसांत हवेत. कॅसेटवर त्याचाच आवाज होता. उंचावर एक 'ला', मग एकदम तळाशी, मग किंचित वर. मग दोन ठोक्यांची रिकामी जागा, आणि पुढे गाणं.

तीन, शून्य, दोन.

माझ्या डोक्यात राग होता, आणि राग फार चांगला लिहितो. तीन अक्षरं लगेच सापडली. 'आधी विसर'. आमच्या भाषेत तीनच अक्षरांत मावतं ते. 'आधी विसर... मग रस्त्यात भेटलोच कधी, तर नव्याने ओळख करून घेऊ.' पुढचं गाणं एका बैठकीत झालं. स्वतःवर खूश होऊन मी दोन वाट्या भात जेवले.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो काचेपलीकडे माझा कागद हातात घेऊन उभा होता. पहिल्या ओळीच्या पुढे तो गेलाच नाही.

"शब्दवाल्या बाई," माइकवरून आवाज आला. खोलीत मिस पून होत्या, ध्वनिमुद्रक होता, वादक होते. "ही पहिली तीन अक्षरं... हीच का?"

"बसतात म्हणून," मी म्हणाले.

"दुसरं काहीच बसत नाही?"

"बसतील ना पुष्कळ."

"मग नीट बघ ना. एकदाच."

"बघितलंय. यापेक्षा चांगलं काही सुचत नाही मला."

तो काचेतून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, झोंबलं वाटतं गाणं. बरं झालं, झोंबू दे.

"बरं," तो म्हणाला. त्याने हेडफोन चढवले आणि एका दमात गायला. पुन्हा घ्यावं लागलं नाही.

ते गाणं त्या वर्षी टॅक्सीत, मासळीबाजारात, केशकर्तनालयात, सगळीकडे वाजत होतं. मला त्याचं बक्षीस मिळालं. फान तिन-यावने त्यानंतर मला एकही फोन केला नाही. मी वाट बघितली, मग चिडले, मग पुन्हा वाट बघितली. एक्क्याण्णव साली त्याने गाणं सोडलं, दातांच्या एका डॉक्टरीणबाईंशी लग्न केलं आणि तेव्हा शहरातले पुष्कळ जण जात होते तसा कॅनडाला निघून गेला. लग्नाची बातमी मी ट्रामच्या वरच्या मजल्यावर वाचली.

*

माझं लग्न झालं नाही. सांगून आलेले चांगले होते, मीच नुसती नियम करत राहिले. पंचेचाळिसाव्या वर्षी मी समाजकेंद्रात शब्द घालण्याचा वर्ग घ्यायला लागले. पहिल्याच दिवशी मुलांना मी आपापल्या नावाचे आकडे काढायला लावते. त्या वर्षी होई-लाम नावाची एक आगाऊ मुलगी होती.

"मिस, आमचीच नावं का? तुमचं काढा की."

मी हसत फळ्याकडे वळले. चोंग, उंच. यू, तळाशी. चिंग, किंचित वर. ३, ०, २.

 मग होई-लामने त्या आकड्यांवर माझं नाव गायलं, कारण त्या तीन आकड्यांची एक चाल या शहरातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मग सगळाच वर्ग गायला लागला. चोंग यू-चिंग... आणि पुढे गाणं.

"मिस!" ती ओरडली. "हे तर तुमच्या शब्दांपेक्षा भारी बसतंय!"

बसत होतं. माझ्या 'आधी विसर'मध्ये तिसरं अक्षर ओढताना जरा अडखळतं, मला ते कायम खटकायचं. माझं नाव पाण्यासारखं उतरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी खडू खाली ठेवला. मुलांना वाटलं मिस खूश झाल्या, म्हणून ती आणखी मोठ्याने गायली.

घरी जाऊन ती कॅसेट काढली. ला, ला, ला... आणि दोन ठोके रिकामे. आकड्यांच्या जुन्या कागदावर मी त्या जागी पेन्सिलीने 'श्वास' असं लिहिलेलं होतं. ती श्वासाची जागा नव्हती. त्याने हाक मारली होती, आणि 'ओ' द्यायला तेवढी जागा सोडली होती. अख्ख्या हॉलसमोर माझं नाव घ्यायचं त्याने ठरवलं होतं. फक्त ते नाव मी माझ्या हाताने तिथे लिहायचं होतं.

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले, आवाज काढून.

*

त्याच हिवाळ्यात तो कॅनडाहून गाण्याच्या तीन कार्यक्रमांसाठी आला. मी तिकीट काढलं नाही. दुपारी त्या जुन्या हॉटेलात गेले. का कोण जाणे, पण तो तिथेच असणार असं वाटलं. होता. डोक्याला टोपी, समोर अननस-पाव. वेटर नवा होता, त्याने मला नेऊन नेमकं त्याच्यासमोर बसवलं.

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"तुझे दात छान आहेत."

"घरचेच आहेत." तो हसला. मग पाकिटातून मुलीचा फोटो काढून दाखवला. दहा वर्षांची, कान त्याच्यासारखे. मी "गोड आहे" म्हटलं, आणि ती होतीच गोड.

कॉफी आली. मी साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला. मग, टेबलाकडे बघत, हळूच गुणगुणले. उंच. तळाशी. किंचित वर. आणि दोन ठोके थांबले.

त्याचा हात पावावरच राहिला. त्याला कळलं. माझी खात्री आहे त्याला कळलं, कारण कान लाल झाले, त्या ट्राममध्ये झाले होते तसे. त्याने एकदा फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"'आधी विसर'," तो म्हणाला. फार मऊ आवाजात. "बरोबर ना?"

एकाला एकच उत्तर. पुन्हा विचारायचं नाही.

"बरोबर," मी म्हणाले.