तारेपलीकडचं गवत

दार लोटून घ्या. आणि तो फोन उलटा ठेव रे, तोंडावर उजेड पाडून भुताची गोष्ट ऐकतात होय? खरं तर गोष्ट नव्हेच ही, घडलेलं आहे. माझ्या भिंतीला भिंत लागून एकजण राहायचा, त्याच्यावर बेतलेलं. कुंपणाची कामं घ्यायचा, म्हणून सगळे त्याला तारवालाच म्हणत. कामाला वाघ. एकदा पक्कड हातात आली की घर, दार, भूक, काही आठवायचं नाही.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. गावाबाहेरचा गवताळ माळ कुठल्याशा कंपनीने घेतला होता आणि चहूबाजूंनी काटेरी तार घालायचं काम याच्याकडे होतं. दोन खांबांमधली शेवटची मोकळी जागा राहिली होती. संध्याकाळी जाऊन तेवढी बंद करून यायची, की काम संपलं. पाच वर्षांची पोरगी, ठकी, मागे लागली. तिला पिकअपमध्ये बसवलं.

"लक्ष ठेवा हं तिच्यावर," बायको म्हणाली. "तुमचं एकदा काम सुरू झालं की..."

"अगं, मी काय पहिल्यांदा नेतोय का तिला?"

त्याने तार जोडली, ताणली, पक्की बांधली. घाम पुसत गाडीशी आला, तर दार उघडं आणि आत कुणी नाही. तारेच्या पलीकडे, गवताच्या तोंडाशी, ठकीची एक चप्पल पडली होती. हा खांबाशी पाठमोरा असताना पोरगी मोकळ्या जागेतून आत गेली होती आणि बापाने आपल्या हाताने तिची वाट बंद केली होती.

त्या माळावर कोण कोण राहून गेलं, त्याला गणतीच नाही. मेंढरंवाले, त्यांच्याआधी नांगर धरणारे, त्यांच्याआधी आणखी कोण, देव जाणे. जो तो आपल्या पाण्यापुरती विहीर खणून गेला. कठडा कुणी बांधला नाही. आता सगळ्यावर पुरुषभर गवत. दिवसासुद्धा शहाणा माणूस तिथे काठीने चाचपत चालायचा.

फोन आला तेव्हा तिच्या आईला मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो. अंधार पडला होता. चंद्र नव्हता. ती उतरली ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तार दिसली तुम्हाला, आणि पोर दिसली नाही?"

तारेच्या कडेकडेने हाका मारत फिरून त्याचा घसा बसला होता. नुकतीच बांधलेली तार त्याने आपल्याच पकडीने तोडली. "तू हॉर्न वाजवत राहा," बायकोला म्हणाला, "आवाजाने तरी येईल." मी माणसं आणायला गावाकडे पळालो. तो एकटा आत शिरला. पुढचं त्याने मला सांगितलं, एकदाच. पुन्हा कधी त्या विषयाला तोंड फोडलं नाही.

फोनचा उजेड गवतात शिरेना. पाय टाकायचा, जमीन लागली की दुसरा टाकायचा. "ठके... ए ठके..." हॉर्न आधी पाठीमागून येत होता. मग डावीकडून. मग येईनासाच झाला.

पुढे शेकोटी दिसली. भोवती मेंढरं बसलेली, काठीवर हनुवटी टेकलेला एक म्हातारा. हा धावतच गेला.

"बाबा, लहान पोरगी पाहिली का हो?"

"आली होती. थंडीने काकडत होती. दूध पाजलं." म्हाताऱ्याने काठी पुढे केली. "आमच्या आधीच्यांकडे गेली."

"आधीचे म्हणजे?"

याने वळून काठीच्या दिशेला पाहिलं. पुन्हा मान फिरवली तर...

नुसतं गवत. मेंढरांचा वास तेवढा होता.

तो रडायलाच लागला. रडत रडत चालला. कुठेतरी जातं फिरत होतं. जमीन नांगरलेली लागली, ढेकळं पायाला टोचली. एक बाई दळत बसलेली, शेजारी बैल. पुढ्यात चूल पेटलेली. पण धग नाही.

"माय, माझी पोर..."

ती काहीतरी म्हणाली. एक शब्द कळला नाही. तिने हात जमिनीपासून वर धरला... ठकीच्या उंचीएवढा. मग पुढे बोट केलं.

"घ्या हवं तर मला," तो ओरडला. "तिला सोडा हो!"

जातं थांबलं.

काळोख.

फोन विझला.

आता नांगरट नाही. वाट नाही. फक्त गवत... आणि गवतात बसलेली माणसं. उघडी. गुडघे पोटाशी घेतलेली. विस्तव नाही. बोलणं नाही. सगळ्यांची तोंडं याच्याकडे.

"ठकी...?"

कुणी हललं नाही.

त्याने पाय उचलला.

खांद्यावर हात पडला. थंड. मग दुसरा. मग किती... त्याला खाली बसवलं. तो धडपडला, शिव्या दिल्या, पाया पडला. हात निघेनात. लेक कुठे मरतेय ते कळत नाही, आणि बाप गवतात बसलेला. अशी रात्र वैऱ्यावरही येऊ नये.

फटफटलं तेव्हा खांदे मोकळे झाले. पुढ्यात पाऊलभरावर विहीर होती. काठ नाही, तळ दिसेना. आणि पलीकडच्या बाजूला, दाबलेल्या गवतात, ठकी गाढ झोपली होती.

विहिरींच्या भीतीने रात्री गावातलं कुणी आत शिरेना; उजाडल्यावर आम्ही आत गेलो, तर तो तिला उराशी धरून येत होता. आईने तिला ओढून घेतलं, तोंडावरून, पाठीवरून हात फिरवला. हात केसांवर थांबला. केस तर तिने कालच धुऊन मोकळे सोडले होते.

वेणी घातलेली होती. वरची वीण लोकरीचा धागा घेऊन, घट्ट. मधली वेगळीच, त्यात सुंभ वळलेला. त्याखालची तर असली, की माझ्या आईलाही कधी घालताना पाहिली नाही, आत गवताची पाती. तीन निरनिराळ्या बायकांचे हात होते, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"कुणी घातली गं?" आईने विचारलं.

ठकी अर्धवट झोपेत होती. "त्यांनी," म्हणाली. "उरलेली आई घालेल म्हणाल्या."

खाली चार बोटं केस मोकळे होते. मी पाहिले आहेत. गवताची पाती हिरवीगार होती... आणि जानेवारीत तो अख्खा माळ वाळून पिवळा पडलेला.