मधल्या खुर्चीतलं हसू

बुक्क्याची डबी समोर ठेवून हे लिहितो आहे. कीर्तनात जन्म गेला. हिच्यासमोर मी कधी खोटं बोललो नाही, आजही बोलणार नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते.

ही रात्र नव्हती. भर दुपार होती.

नागपूर, सीताबर्डी. साल त्र्याहत्तर. दिवाळीच्या आधीचा रविवार, बाराचा खेळ.

आधी थोडं घरचं सांगतो. आम्ही विणकर. लहानपणी मागात सापडून माझ्या उजव्या हाताची अनामिका वाकडी झाली. आमच्या देवळात दर शनिवारी कीर्तन असे. पूर्वरंग संपून मध्यंतर झालं की बुवांना हार घालायचा, आणि मग बसलेल्या प्रत्येकाला बुक्का लावायचा. ते काम माझं. एकही कपाळ कोरं राहू द्यायचं नाही. पण बोट वाकडं, म्हणून माझी रेघ नेहमी तिरपी उमटायची.

बुवा हसायचे. "जागेश्वरा, तुझा बुक्का लावलेला माणूस जत्रेत हरवायचा नाही."

माझा मोठा भाऊ गिरिधर. त्याला लेखक व्हायचं होतं. त्याचा जिवलग कृष्णकांत, खाप्याचा. त्यालाही लेखक व्हायचं होतं. दोघं एकाच दिवाळी अंकाला कथा पाठवायचे आणि एकमेकांच्या कथांची टर उडवायचे.

कृष्णकांतची एक खोड होती. गोष्ट सांगताना शेवट यायच्या आधीच त्याला हसू फुटायचं. आम्ही तोंडाकडे बघत बसायचो, आणि हा आधीच हसून मोकळा.

मग एका दिवाळीला दादाची कथा छापून आली.

कृष्णकांत अंक घेऊन घरी आला. "गिरिधर, हे त मीच तुले सांगतली होती. कन्हानच्या काठी बसून."

दादा म्हणाला, "नाही."

एवढंच. बोलणं तुटलं. आणि त्या दिवसापासून दादाची लेखणीही बसली. कागद घेऊन बसायचा आणि कोराच उठायचा.

दोन वर्षांनी तो सिनेमा लागला. विनोदी. दोन मित्र, दोघांना मोठं लेखक व्हायचंय, आणि दोघं एकमेकांच्या गोष्टी चोरतात. सारं नागपूर पोट धरून हसत होतं.

दादा पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहिला. "हा आमचाच सिनेमा हाये गा, जागो. कृष्णाले बोलावतो. संगं बसून पाहू. मग सांगून टाकतो, का गोष्ट त्याचीच होती. तो हसला, त मी सुटलो."

चंपतराव कापडवाले बाजाराला खाप्याला जायचे. त्यांच्याकडे निरोप दिला.

रविवारी आम्ही लवकर जाऊन बसलो. मधली खुर्ची कृष्णकांतसाठी. दादाने तिच्यावर रुमाल टाकला. लाकडी खुर्ची, माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटणारी.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. खुर्ची रिकामीच.

थोड्या वेळाने पडद्यावरून नजर हटवली, तर...

शेजारी कुणीतरी बसलेलं होतं.

केस ओले. अंगाला कोऱ्या कापडाचा वास, मागावरून नुकत्याच उतरलेल्या. आमच्या घरात तो वास रोजचा. मला काही वाटलं नाही.

"रामकृष्ण हरी, कृष्णादादा," मी हळूच म्हणालो.

त्याने फक्त मान हलवली.

मग तो हसला.

पडद्यावर हसण्यासारखं काहीच नव्हतं. एक बाई चहा गाळत होती. पुढच्या क्षणी गाळणी निसटली, चहा थेट लेखकाच्या कागदांवर, आणि सारं थिएटर हसलं.

परत तेच. आधी तो, मग विनोद, मग सगळे.

मागून कुणी खेकसलं, "अबे, दुसऱ्यांदा पाहून राहिला काय? चूप बस ना!"

दादा ते ऐकून गालात हसला. आपला मित्र आला, त्याला एवढंच पुरे होतं.

मध्यंतराची पाटी आली आणि वीज गेली.

एकही दिवा लागला नाही. काळोख. डोअरकीपर ओरडला, "बसून रहा, बसून रहा."

आता माझ्या हातून जे झालं, ते कीर्तनातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. मध्यंतर म्हटलं की माझा हात खिशात जातो. डबी निघाली. वाकून आधी दादाच्या कपाळाला बोट लावलं.

दादा पुटपुटला, "कीर्तन नाही गा हे, सिनेमा हाये."

पण एकाला लावला आणि दुसऱ्याला वगळला, असं माझ्याने होईना. मधल्या कपाळाकडे बोट नेलं...

थंड.

पाण्यातल्या दगडासारखं थंड. ओलसर. बोट ओढलं, तर बुक्का पसरेना, रेघेतच चिकटून राहिला.

आणि तो हसला.

काळोखात. पडद्यावर काही नसताना. लांब, मोकळं, घशातून...

हसणं थांबलं. मग दादाचा आवाज आला. "कृष्णा, ते गोष्ट तुहीच होती. मी चोरली. माफ कर मले."

मी कान दिला.

श्वासाचाही आवाज नाही.

वीज आली. मधली बैठक वर मिटलेली होती. दादाने खाली केली. आत रुमाल... ठेवला तसाच. एक चुणी नाही.

बाहेर जायचं तर माझ्या नाहीतर दादाच्या गुडघ्यांना घासूनच जावं लागलं असतं. कुणी घासलं नव्हतं.

"रागावून गेला," दादा म्हणाला. खेळ सुटल्यावर आम्ही फाटकाशी कितीतरी वेळ उभे राहिलो. सगळे गेले. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने खाप्याला गेलो.

ओट्यावर माणसं बसली होती. दादाला पाहून कृष्णकांतची बायको गोपिका बाहेर आली. तिचं कपाळ पाहिलं आणि दादा तिथंच खाली बसला.

"काल सकाळी गेले," ती म्हणाली. "तुमचा निरोप भेटला होता, भाऊजी. लई खूश होते. नागपूरले येण्यासाठी तयार होऊन राहिले होते. चप्पल घालता घालता बसले... उठलेच नाही."

मी विचारलं, "कधी नेलं?"

कृष्णकांतचा थोरला भाऊ रुपराव शेजारीच होता. "दुपारीच. पण मले एक समजून नाही राहिलं गा. विसाव्याले तिरडी खाली टेकवली, खांदे बदलासाठी. त कपाळावर काळा बुक्का. आंघोळ मीच घातली होती त्याले. घरून निघताना कपाळ कोरं होतं. घरात बुक्काच नाही आमच्या."

"लागला असेल कुणाचा हात," मी कसंबसं म्हणालो.

"नाही गा. रेघ होती. अशी..."

त्याने स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं.

तिरपी.

मी उजवा हात पाठीमागे नेला.

दादा आणखी बारा वर्षं जगला. कथा पुन्हा लिहिली नाही. शेवटच्या आजारात रोज एकच विचारायचा. "जागो, तू त्याच्या बाजूले होता. हसला ना गा तो?"

"हसला, दादा. मोकळा हसला."

त्यात खोटं काही नाही. हसला होता.

पण दादा बोलायच्या आधी हसला होता. बोलल्यावर नाही.

पुढे काय येणार ते ठाऊक असलं की कृष्णकांत आधीच हसायचा, म्हणून तेव्हाच त्याने माफ केलं, असं मी मनाला सांगतो. कीर्तनात बसलो की पटतंही.

पण त्या दिवशी सिनेमाच्या उत्तरार्धात पडद्यावरच्या चोर लेखकाने मित्राचे पाय धरले. "ती गोष्ट तुझीच होती, मी चोरली." अगदी दादाचेच शब्द. आणि सारं थिएटर खदाखदा हसलं. दादाने मान खाली घातली होती.

मग तो आधी हसला, ते कशाला? दादाच्या कबुलीला, की पडद्यावर येणाऱ्या त्या विनोदाला?

दर शनिवारी बुक्का लावत शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मध्ये एखादी जागा मोकळी दिसली की बोट तिथं थांबतं... आणि मी कान देऊन उभा राहतो.