दुसरी टाकी

सकाळी नऊला रुग्णालयातून फोन आला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "मातीतली कीड मारायचा तो बंदीचा गॅस अजून कोणी वापरतं का?"

"कागदोपत्री नाही," निरीक्षक म्हणाली आणि बॅग उचलली. वायुनियंत्रण कार्यालयात लागून तिला आठच महिने झाले होते.

खाटेवरची बाई तिशीची. काल दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती कामावरून लवकर घरी आली, रात्री झटके सुरू झाले. आता शुद्ध नव्हती, पण बोटं थरथरत होती. उशाशी सासू बसली होती.

"काल हिने नेमकं काय काम केलं?"

"रोपवाटिकेत वाफ्यांवरचं प्लास्टिक कापलं. परवा मालकांनी त्याखाली औषध सोडलं होतं."

"वास आला कसला?"

"नाही."

"डोळे चुरचुरले?"

"छे. म्हणून तर कापलं ना. वीस वर्षं मी तेच केलंय. डोळ्यांना झोंबतंय तोवर हात लावायचा नाही, झोंबायचं थांबलं की कापायचं. मीच शिकवलं हिला." सासू सुनेच्या बोटांकडे पाहत राहिली. "मलाच बोलावलं होतं. माझा गुडघा धरला, म्हणून हिला पाठवली."

रोपवाटिकेचा मालक मोकळ्या वाफ्यांच्या कडेला उभा होता. निरीक्षकाने पावलांनी जमीन मोजली. एका टाकीत भागेल एवढीच होती.

"गॅस कुठून आणला?"

"जुनी टाकी होती. बंदीच्या आधीची, शेतीसाठी मिळायची तीच. वाया कशाला घालवायची?"

"ती टाकी दाखवा."

"भंगारात गेली."

"कोणाकडे?"

"भंगारवाल्यांची नावं काय पाठ करून ठेवू, मॅडम?"

हा गॅस वर जाऊन आकाशातला ओझोनचा थर खातो. म्हणून शेतीसाठी त्याचा पुरवठा बंद केला होता. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांना धुरी देण्यापुरती परवानगी उरली होती, आणि तसा परवाना त्या भागात एकाच गोदामाकडे होता. त्याच्या किल्ल्या दोघांकडे. एक धुरी देणारा मेस्त्री. दुसरा भांडारपाल. तो टाचणीसुद्धा तोलून देतो, म्हणून सगळे त्याला मिलिग्रॅम म्हणत.

ती गोदामात पोचली तेव्हा, तिने फोन करून बोलावलेल्या पोलीस हवालदाराने मेस्त्रीला बाकावर बसवलेलंच होतं.

"गॅस सोडणं येरागबाळ्याचं काम नाही," हवालदार म्हणाला. "जमतं कोणाला? यालाच. मग झालं की."

"साहेब, तीस वर्षांत माझ्या हातून उंदीरसुद्धा चुकून मेला नाही," मेस्त्री म्हणाला.

बारा टाक्या एकेक करून काट्यावर चढल्या. दहांच्या वजनात नोंदीपेक्षा पाच-पन्नास ग्रॅम इकडेतिकडे. अकरा आणि बारा नंबर मात्र ग्रॅमपर्यंत बरोबर.

"बघा," मिलिग्रॅम खुशीत म्हणाला. त्याच्या अनामिकेला पट्टी होती.

"बोटाला काय झालं?"

"उकळतं पाणी सांडलं. स्वयंपाकघरात तुमचं काय काम, असं बायको म्हणते ते उगाच नाही."

"मेस्त्री, सगळ्या टाक्या बाहेर घ्या. प्रत्येकीची तोटी क्षणभर उघडून दाखवा."

मेस्त्रीने मुखवटा चढवला. मग घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही खिशात टाकलं.

"हातमोजे घाल की, शहाण्या," हवालदार लांबून ओरडला.

"या कामाला हातमोजे नसतात, साहेब."

दहा टाक्या फिस्स करून बोलल्या. अकरावी बोलली नाही. बारावीही नाही. मेस्त्रीने अकरावी आडवी केली, तेव्हा तोटीतून पाणी ठिबकलं.

निरीक्षकाने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. रोपवाटिकेत एक टाकी संपली होती. म्हणजे दुसरी कुठल्यातरी प्लास्टिकखाली होती, आणि ते कोणीतरी कापणार होतं.

ती मिलिग्रॅमच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"पट्टी सोडा."

"कशाला, मॅडम?"

"सोडा."

फोड बोटाभोवती गोल फिरला होता, वर आणि खाली, दोन्ही कडा रेघ ओढल्यासारख्या.

"उकळतं पाणी एवढं रेखीव भाजत नाही," ती म्हणाली. "हा गॅस टाकीत पातळ असतो. उघड्या कातडीवर सांडला तर लगेच उडून जातो. अंगठीखाली किंवा हातमोज्यात शिरला तर तिथेच बसून भाजतो. मेस्त्रीला हे ठाऊक आहे. ज्याने अंगठी घालून टाकी हाताळली, त्याला ठाऊक नव्हतं. आणि पाणी भरून ग्रॅमपर्यंत वजन जुळवणारा माणूस या गोदामात एकच आहे. खऱ्या टाक्या इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत."

मिलिग्रॅम पट्टीची गुंडाळी करत राहिला.

"रोपवाटिकेच्या मालकाकडे जुनी टाकी होती," तो अखेर म्हणाला. "विचारा त्याला."

"शेतीच्या जुन्या गॅसमध्ये डोळ्यांना झोंबणारं औषध मुद्दाम मिसळलेलं असायचं, माणूस सावध व्हावा म्हणून. रोपवाटिकेत प्लास्टिक कापलेल्या बाईचे डोळे चुरचुरले नाहीत. म्हणजे तो गॅस शुद्ध होता, खोक्यांसाठीचा. इथला."

"झोंबणारं... यात नसतं?"

"नाही. वास नाही, चुरचुर नाही, काही नाही. त्रास सुरू व्हायला कितीतरी तास जातात. दुसरी टाकी कुणाला दिलीत? प्लास्टिक कधी कापायचं सांगितलंय?"

त्याच्या हातातली गुंडाळी सुटून जमिनीवर घरंगळली.

"डोळ्यांना झोंबायचं थांबलं की," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला. दोन वर्षं तिची रोपं मुळाशी सडतायत. गॅस जमिनीत सोडायची जुनी अवजारं त्या मालकाकडेच होती. तो म्हणाला, एक टाकी मला दे, दुसरी तुझ्या बहिणीच्या मळ्यात मी सोडून देतो. काल सकाळी सोडली. दोन्ही रिकाम्या टाक्या मी परत आणल्या."

तो बोलता बोलताच फोन लावत होता. पलीकडे नुसती घंटा वाजत राहिली.

"चला," निरीक्षक म्हणाली. मेस्त्री मुखवटे घेऊन न सांगता गाडीत बसला.

मळा वीस मिनिटांवर होता. बहीण वाफ्यांच्या मधोमध वाकून प्लास्टिक गुंडाळत होती. चार वाफे मोकळे झाले होते. गाडी पाहून ती सरळ उभी राहिली.

"अरे दादा, भरदुपारी? जेवून जा आता."

मेस्त्री मुखवटा लावून आत गेला आणि तिला दंडाला धरून वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेऊन आला. निरीक्षक तिच्या समोर उभी राहिली.

"किती वेळ कापताय?"

"तासभर झाला असेल. का हो?"

"आणखी कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही. बायका तीनला यायच्यात."

"गाडीत बसा. रुग्णालयात जायचंय."

"अहो, पण मला काय झालंय?"

"अजून काही नाही," निरीक्षक म्हणाली.

बहिणीने भावाकडे पाहिलं. तो गाडीचं दार उघडं धरून उभा होता, मान खाली घालून.

"दादा," ती म्हणाली, "या काय म्हणतायत?"