भिंतींनी प्यायलेली हवा

चंद्रावरच्या वसाहतीतली हवा तपासण्याचं काम डॉ. इरावती तांबवे यांच्याकडे होतं. त्या सकाळी नव्या निवासदालनाचे आकडे पाहून त्या जागच्या जागी ताठ झाल्या. ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून दहावर आला होता.

वसाहतप्रमुख डिमेलो धावत आले. "कुठंतरी भोक पडलंय. बुजवा आधी!"

"भोक नाही, सर. भोकातून नायट्रोजनही गेला असता. तो होता तितकाच आहे. काहीतरी नेमका ऑक्सिजनच गिळतंय."

दालनात दरवाजे बसवणारा खेर्डे एकटाच होता. हाकांना तो ओ देईना. दोघं ऑक्सिजनचे मुखवटे चढवून, एक जादा मुखवटा घेऊन आत धावले. खेर्डे भिंतीशी निपचित पडला होता, ओठ निळे. इरावतींनी त्याच्या तोंडावर जादा मुखवटा दाबला. मिनिटभरानं त्यानं धाप टाकली तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. त्याला उचलताना त्यांचा हात भिंतीला लागला आणि चटकन मागं आला.

भिंत गरम होती.

"सर, या विटा कशाच्या?"

"आपल्याच लोखंडाच्या. इथल्या मातीतून ऑक्सिजन काढला की जी पूड उरते, तीच दाबून केल्या. का?"

इरावती भिंतीकडे वळल्या. "ती माती म्हणजे ऑक्साइड, सर. ऑक्सिजन दुसऱ्या मूलद्रव्याशी बांधला गेला की होणारं संयुग. गंजसुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच. आपण विजेच्या जोरावर ती गाठ सोडवली, पण लोखंड ऑक्सिजन पुन्हा धरणारच. पुडीचा कण न् कण उघडा, त्यात श्वासाचा ओलावा. भिंती गंजतायत, म्हणून तापल्यात."

"मग ऑक्सिजन वाढवू!"

"वाढवाल तितका पितील."

"कुठवर?"

"विटांची पुन्हा माती होईपर्यंत."

याच दालनात राहायला नव्वद माणसं आदल्या दिवशी पृथ्वीवरून निघाली होती. वसाहतीच्या जुन्या दालनात आणखी दहाजणांपुरतीही हवा नव्हती.

दोघांनी खेर्डेला बाहेर आणलं आणि डिमेलो रेडिओपाशी गेले. यानातून त्यांच्या बायकोचाच आवाज आला, "अहो, पडदे कुठल्या रंगाचे लावलेत?"

डिमेलो म्हणाले, "फिलोमिना, कप्तानाला सांग, उतरू नका. चंद्राला वळसा घालून तसेच घरी परत जा."

"आणि तुम्ही?"

"आम्ही जुन्या दालनातच. तिथली हवा आमच्यापुरतीच आहे." खेर्डे अजून धापा टाकत होता.