शून्य-शून्यवरून निघालेले बाबा

यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरी घडलंय, आणि ताई उगाच काहीबाही बोलणाऱ्यातली नाही.

वेळ रात्रीची नव्हे. मंगळवार, दुपारचे चार, लख्ख उजेड.

ताईचं ऑफिस विसराळू म्हाताऱ्यांसाठी मनगटी पट्टे देतं. माणूस घरापासून दोनशे मीटरपुढे गेला, की घरच्यांच्या फोनवर अलार्म. ती अंतरं मोजणारा प्रोग्राम ताईचा.

तिच्या सासऱ्यांच्या हातातही तिनेच पट्टा बांधला होता. रिटायर होऊन वीस वर्षं झालेली, तरी चार वाजले की बाबा चपला शोधायचे. "ऑफिसला उशीर होतोय गं!"

तीन महिन्यांपूर्वी ते खरंच निघाले. चार वाजून दहा मिनिटांनी.

अलार्म वाजलाच नाही...

दुसऱ्या दिवशी कालव्यात सापडले.

सगळे म्हणाले, पट्टाच खराब. खरं काय ते एकट्या ताईला ठाऊक. आदल्याच दिवशी तिने प्रोग्राम बदलला होता, आणि दोनशे म्हणजे मीटर, हे सांगायचंच राहिलं. मशीनने नकाशावरचे दोनशे अंश धरले. पृथ्वीवर कुठेही गेलं, तरी अंतर एकशे ऐंशी अंशांपुढे जात नाही. बाबा कुठेही गेले असते, तरी मशीनच्या लेखी घरातच होते.

तिने चूक गुपचूप सुधारली. नवऱ्याला, म्हणजे भाऊजींनाही, अवाक्षराने सांगितलं नाही.

गेलेल्या माणसाची नोंद ऑफिसात पुसत नाहीत. शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर नेऊन ठेवतात. भर समुद्रात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बाबांनाही ताईनेच तिथे ठेवलं.

त्या मंगळवारी अंतरं तपासताना एक आकडा चुकीचा दिसला.

बाबांचा.

घरापासून... एकशे ब्याण्णव किलोमीटर.

हजारो किलोमीटर असायला हवं होतं!

"अगं, आकड्यांची काहीतरी भानगड असेल. चहा घे आधी," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

ताईने मागच्या नोंदी काढल्या. अंतर रोज शहाण्णव किलोमीटरने घटत होतं. तासाला चार.

म्हाताऱ्या माणसाची चाल.

न थांबता...

घरी जाऊन तिने कपाटाचा खण उघडला. पट्टा तिथेच होता, बॅटरी काढलेली.

गुरुवारी तिने रजा टाकली, भाऊजींनाही थांबवून घेतलं. चारच्या सुमारास दोघांचे फोन एकदम वाजले.

"बाबा हद्दीच्या आत आले."

जिन्यात ओल्या चपलांचा आवाज.

फट... फट...

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आलात? किती हो उशीर!"

भाऊजींनी दार उघडलं. कोणी नव्हतं. पायपुसणं मात्र चिंब भिजलेलं.

ताईने तिथेच सगळं सांगून टाकलं. "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" एवढंच भाऊजी बोलले.

सांगितलं की यातून सुटका होईल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! आता रोज चार वाजून दहा मिनिटांनी अलार्म वाजतो. "बाबा हद्दीबाहेर गेले."

परवा मी तिथेच होते. फोन वाजला तशी ताई उठली.

"आलेच गं. बाबांना घेऊन येते."

मी गॅलरीतून बघत होते. ती कालव्याकडे गेली. परतताना अगदी हळू चालत होती, हात एका बाजूला धरून, थांबत थांबत. घरात आली तेव्हा तिची बाही कोपरापर्यंत ओली होती.

आता मी त्यांच्याकडे गेले, तर चारच्या आत निघते.