सरकवलेलं कुंपण

ऊनकोंडच्या पठारावर सकाळचा चहा उकळत होता आणि ड्रिलिंगच्या मनोऱ्याखाली कुणीच उभं नव्हतं. पूर्वी असं कधी झालं नसतं. ब्रेकवर हात ठेवून एक माणूस कायम उभा असायचा. आता पाइप आपला आपण फिरत होता आणि माणसं छपरीत बसून एकमेकांना विचारत होती, "जावईबापू काय म्हणतायत?"

जावईबापू म्हणजे पाइपच्या टोकाला, जमिनीच्या पोटात फिरणारं बिट. हे नाव मृदुला तांबटनं ठेवलं होतं. बिटाच्या संगणकावर लक्ष ठेवणारी ती इंजिनिअर. "लाड करून घेतात, सांगितलेलं ऐकत नाहीत, आणि वर बोलावलं की घरात सगळ्यांची तारांबळ," ती म्हणायची.

जुन्या बिटांच्या दोन जाती होत्या. एकाला हिऱ्याच्या कणांचे पक्के दात. ते मऊ थर भराभर खरवडायचं, पण काळ्या कातळात त्याचे दात उडायचे. दुसऱ्याला फिरते दातेरी शंकू. ते कातळ चिरडायचं, पण मुंगीच्या चालीनं. मग दोन्ही एकाच डोक्यावर बसवलेली मिश्र बिटं आली. हे बिट त्यांच्याही पुढचं. दगडाच्या थरथरीवरून ते थर ओळखायचं, हवे ते दात पुढे काढायचं, नको ते आत घ्यायचं आणि आपली वाट स्वतःच वळवायचं. त्याला एकच ओढ लावून दिली होती. कमीत कमी झिजून जास्तीत जास्त गरम खडकापर्यंत पोचायचं. त्या उष्णतेवर तालुक्याची वीज निघायची होती.

या ओढीला आवर म्हणून एक कुंपण होतं. ते जमिनीत नव्हतं, बिटाच्या स्मृतीत होतं. गावाच्या पऱ्ह्यापलीकडे, त्या ओढ्याच्या पश्चिमेला जायचं नाही. कारण पश्चिमेला गावाचं गरम पाण्याचं कुंड होतं आणि कुंडाच्या काठाला देऊळ. काम सुरू होण्याआधी त्या देवळात सभा भरली होती. बिट खोदत असलेल्या विहिरीची दिशा आणि हे कुंपण ठरवण्याचं काम हिंदुराव चिल्यांचं. त्यांनी सभेत उभं राहून शब्द दिला होता, "तुमच्या कुंडाच्या अंगाला आम्ही फिरकणारसुद्धा नाही."

त्या सकाळी रघुनाथ गुरव चढण चढून वर आला. देवळातली पूजा त्याच्याकडे होती. तांदूळ फडक्यात बांधून कुंडात सोडायचे, शिजले की देवाला दाखवायचे, आणि मग मूठ मूठ प्रसाद वाटायचा, अशी तिथली रीत. विहिरीवरची माणसं आल्यापासून त्यांचाही वाटा तो रोज आणून द्यायचा. आज त्याचे हात मोकळे होते.

"काय गुरवबुवा, आज उपास का आम्हाला?" मृदुलानं विचारलं.

"भात शिजला नाय, बाय." गुरव आडव्या पाइपवर टेकला. "चार दिस कचकच लागत होता. काल तर तांदूळ तसेच वर आले. पाणी निवलंय."

"कुंडाचं?"

"हां. आजवर कुणी बोट घालत नव्हतं, आता पोरं डुंबतायत."

हिंदुरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी देवाला कौल लावला," गुरव म्हणाला. देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि आधी कुठली पडते ते बघायचं. उजवी म्हणजे होय. "विचारलं, माझ्या हातून काय चुकलं का? उजवी पडली. मंग आठवलं. मला ताप होता, तेव्हा आंघोळ न करताच भात सोडला होता. दुसरं काय असणार?"

"अहो, तापात आंघोळ कोण करतं?" मृदुला म्हणाली.

"तुमचं चालतं, बाय. आमचं नाय चालत." तो हसला. "आज दुपारी गाव बसतंय. सेवा चुलतभावाकडं देऊन टाकायची. मीच सांगितलं तसं. आज्याच्या आज्यापासून आमच्या घरात होती. पण देवालाच मी नको तर कसं करणार?" मग तो हिंदुरावांकडे वळला. "साहेब, तुम्ही जमिनीतलं जाणता. मी बाजूला झाल्यावर तरी तापेल ना पाणी?"

"जमिनीतलं पाणी कमी-जास्त होतच असतंय, बुवा," हिंदुराव म्हणाले.

गुरवानं मान हलवली. दिलेला चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. "तुम्ही तरी शब्द पाळलात," जाताना तो म्हणाला. "तुमचं बरं होवो."

तो उतरणीला लागल्यावर मृदुला उठून केबिनमध्ये गेली. हिंदुराव तिच्या मागून गेले. पडद्यावर विहिरीची रेघ दिसत होती. खाली जाऊन पूर्वेला वळलेली, मग कातळाला अडलेली, आणि मग हळूच उलटी, पश्चिमेला झुकलेली.

पूर्वेचा कातळ अंदाजापेक्षा कठीण निघाला होता. बिटाचे शंकू झिजायला लागले. बिट कुंपणापाशी आलं आणि त्यानं विचारलं होतं, 'पलीकडे थर मऊ, फटी जास्त, उष्णता जास्त. जाऊ का?' खरं तर तेव्हाच सगळा पाइप बाहेर ओढून नवं बिट लावून पूर्वेचीच वाट धरायला हवी होती. पण समुद्रातल्या तेलविहिरींपासून इथवर हिंदुराव चिल्यांचं नाव होतं, एका बिटात विहीर तळाला नेणारा माणूस. बिट मध्येच वर काढणं ही त्यांच्या धंद्यातली नाचक्की. त्यांनी कुंपण थोडंसं सरकवलं. बिटानं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सरकवलं.

"मला वाटलं, तुम्ही गावाला विचारलं असेल," मृदुला म्हणाली.

"नाही विचारलं."

"आणि परतीचं पाणी कमी झालं तेव्हा?"

बिट थंड ठेवायला आणि दगडाचा भुगा वर आणायला पाइपातून पाणी सोडतात. ते सगळं परत यायला हवं. येत नसेल तर ते कुठल्या तरी फटीत शिरतंय. कुंडाला पाणी पुरवणाऱ्या फटीत थंड पाणी शिरलं की काय होणार, हे सांगायला संगणक लागत नव्हता.

"तेव्हा कळलं होतं," हिंदुराव म्हणाले.

मृदुला आज जावईबापू म्हणाली नाही. "बिट थांबवू?"

"थांबव. आणि वर काढ."

दुपारी हिंदुराव देवळाशी आले तेव्हा कुंडात पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. इतकी खूश पोरं बघून त्यांना परत फिरावंसं वाटलं. सभामंडपात गाव बसलं होतं. गुरव खांबाला टेकून, सोवळ्याची घडी मांडीवर घेऊन बसला होता.

"मला बोलायचंय," हिंदुराव म्हणाले. पुढे काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य तोंडाशी येईना. "गुरवांचं काही चुकलेलं नाही. पाणी मी निववलं. कुंपण मी सरकवलं. माझं नाव राहावं म्हणून."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे वीज तालुक्याला, नि चूल आमची विझली."

एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "मग तेव्हा शब्द कशाला दिलास, भाऊ? आम्ही मागितला नव्हता."

हिंदुराव खाली फरशीकडे बघत बोलत राहिले. विहिरीच्या भिंतीतल्या फटी सिमेंटनं बुजवू. पश्चिमेची वाट कायमची बंद करू. पाणी पुन्हा तापेल का? तापेल कदाचित. किती वर्षांनी, ते माहीत नाही.

"मंग झालं की," चुलतभाऊ सुटल्यासारखा म्हणाला. "रघूदादा, सेवा तुझीच."

हिंदुरावांनी मान वर केली. निदान या एका माणसाचा चेहरा मोकळा झालेला बघायला मिळेल, असं त्यांना वाटलं होतं. पण गुरव गाभाऱ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"साहेब," तो म्हणाला, "त्ये यंत्र तुम्हाला विचारत होतं ना, जाऊ का म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही तुमच्या मनात होतं तेच सांगत होता."

"हो."

"मला वाटलं माझं चुकलं, आणि उजवी कळी पडली." त्यानं आपला उजवा हात समोर धरला, जणू पहिल्यांदाच बघत होता. "कळी चिकटवणारा हात माझाच. मंग आजवर या गावाला मी जे कौल सांगितले, पोरींची लग्नं, भावाभावांच्या वाटण्या, ते कुणी दिले?"